कयाकसाठी व्हीएचएफ रेडिओ घेताना: परीक्षा, परवाना आणि हातात मावणारा संच

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पूलमध्ये राहते. इथल्या बंदरात, ब्राउनसी बेटाच्या आसपास कयाक वल्हवत होते तोवर खिशातल्या मोबाइलवर भागत होतं. 2024 च्या उन्हाळ्यात स्वॉनेजच्या पुढे, अँव्हिल पॉइंटच्या कड्यांखालून जायचं क्लबमध्ये ठरलं, तेव्हा आमच्या प्रशिक्षकाने जानेवारीतच बजावलं: गटात निदान तिघांकडे व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटींनी एकमेकांशी आणि किनाऱ्याशी बोलायचा वायरलेस, हवा, आणि ज्याच्याकडे असेल त्याला तो नीट वापरता यायला हवा. मी नाव दिलं. त्यानंतर एप्रिलपर्यंत काय काय करावं लागलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. कागदपत्रं, पैसे आणि संचाची निवड या तिन्हींची माहिती मला तुकड्यातुकड्यांत गोळा करावी लागली. कुणाला ती एका जागी मिळाली तर बरं.

मोबाइल असताना रेडिओ कशाला, हा प्रश्न घरातून पहिल्याच दिवशी आला. ओल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही, कड्यांखाली नेटवर्क नसतं, ही कारणं आहेतच. पण मला पटलेलं कारण वेगळं आहे. मोबाइलवर एका वेळी एकाच माणसाशी बोलता येतं. चॅनल 16 वर, म्हणजे मदतीच्या हाकेसाठी सगळे ऐकत असतात त्या चॅनलवर, बोललं की कोस्टगार्ड ऐकतं, शेजारची मासेमारी बोट ऐकते, फ्रान्समधल्या शेरबूरहून परतणारी फेरीबोट ऐकते, आणि सगळ्यात जवळ जो असेल तो आधी पोहोचतो. शिवाय मोठ्या लाइफबोटींवर असं यंत्र असतं की रेडिओचा आवाज कुठल्या दिशेने येतोय ते त्यांना कळतं. मिरकरवाड्याला माझ्या मामाची बोट आहे. त्याला फोनवर हे सांगायला लागले तर तो मध्येच म्हणाला, “अगो, हे तू मला काय सांगतेस? आमच्याकडे आधी वायरलेस, मग जाळं.”

पहिला गोंधळ परवान्याचा. इथे दोन वेगळे कागद लागतात आणि नवखी माणसं ते एकच समजतात. एक कागद माणसाचा: रेडिओ चालवायला शिकल्याचं प्रमाणपत्र, ज्याला शॉर्ट रेंज सर्टिफिकेट म्हणतात. त्याची परीक्षा रॉयल यॉटिंग असोसिएशन, म्हणजे आरवायए, घेते. वय किमान 16 लागतं. दुसरा कागद संचाचा, तो ऑफकॉम, म्हणजे इथली दूरसंचार नियामक संस्था, देतं. तुमच्याकडे प्रमाणपत्र नसेल तर प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली रेडिओ वापरता येतो. आणि जिवावर बेतलं असेल तर कुणीही, कुठलाही कागद नसताना, मदत मागू शकतं. हे शेवटचं वाक्य घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. परवाना नाही म्हणून बटण दाबायला कुणी कचरता कामा नये.

मी अभ्यास ऑनलाइन केला. वर्गात बसून एका दिवसात उरकायचीही सोय असते, पण नोकरी सांभाळून रात्री थोडं थोडं वाचणं मला सोयीचं पडलं. परीक्षेला मात्र प्रत्यक्ष केंद्रावर जावंच लागतं. कोर्स आणि परीक्षा मिळून दीडशे पौंडांच्या आत-बाहेर खर्च आला. परीक्षेची फी वेगळी भरायची असते, त्यामुळे कोर्सची किंमत बघताना तीत काय धरलंय ते आधी विचारा. पासपोर्ट आकाराचा फोटोही लागतो. केंद्राने तारीख दिली 17 फेब्रुवारी, शनिवार.

त्या आधीचे दोन आठवडे मी थोडी धास्तावलेली होते. विषय अवघड नव्हता, भीती बोलण्याची होती. रेडिओवर आपण बोलतो ते आसपासचे सगळे ऐकतात. मी इथे बरीच वर्षं काम करते, तरी माझं इंग्रजी रत्नागिरीच्या शाळेतून आलेलं आहे, आणि समोरचा “पार्डन?” म्हणाला की माझा वेग आणखी वाढतो. घरात नवरा कोस्टगार्ड व्हायचा आणि मी स्वयंपाकघरातून त्याला मेडे, म्हणजे जिवावर बेतल्यावर मारायची मदतीची हाक, द्यायची. मेडेचा क्रम ठरलेला आहे: मेडे तीनदा, आपलं नाव तीनदा, मग पुन्हा एकदा मेडे आणि नाव, ओळख क्रमांक, जागा, काय झालंय, कसली मदत हवी, माणसं किती, आणखी काही सांगायचं असेल तर ते, आणि शेवटी ओव्हर. जागा सांगताना दोनच पद्धती धराव्यात. एक तर अक्षांश-रेखांश, नाहीतर माहितीतल्या एखाद्या ठिकाणापासूनची दिशा आणि अंतर. “अँव्हिल पॉइंट दीपगृहाच्या दक्षिणेला अर्धा मैल” असं. नावाआधी “सी कयाक” म्हणायचं, म्हणजे शोधणाऱ्याला कळतं की पाण्याला चिकटलेलं काहीतरी बारकं शोधायचंय, शिडाची बोट नाही.

परीक्षेला आम्ही सहा-सात जण होतो. बहुतेक शिडाच्या बोटीवाले, कयाकवाली मी एकटीच. आधी लेखी: कुठला चॅनल कशासाठी, मेडे आणि पॅन पॅन (तातडीची, पण जिवावर न बेतलेली हाक) यांत फरक काय, दुसऱ्याचा मेडे ऐकला तर किती वेळ थांबायचं आणि मग तो पुढे कसा कळवायचा. मग सरावाच्या संचांवर प्रत्यक्ष बोलायचं. हे संच एकमेकांना जोडलेले असतात, बाहेर काही जात नाही. माझी पाळी आली तेव्हा पहिलं वाक्य भराभर निघून गेलं. परीक्षक बाईंनी हात वर करून थांबवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “घाई करू नकोस. ऐकणाऱ्याच्या हातात पेन आहे. त्याच्या लिहिण्याच्या वेगाने बोल.” त्यानंतर मी मनातल्या मनात तो लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला आणि पूर्ण मेडे दिला. अडखळले नाही. आकडे एकेक करून बोलायचे, अक्षरं ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो अशी फोडायची, वाक्यांचा साचा ठरलेला, हे सगळं जगभरच्या वेगवेगळ्या उच्चारांच्या माणसांना एकमेकांचं कळावं म्हणूनच आहे. माझ्यासारख्यांची तर ती सोयच आहे. निकाल त्याच दिवशी तोंडी कळला, प्रमाणपत्र हातात यायला तीनेक आठवडे लागले.

दरम्यान संच कुठला घ्यायचा याचा शोध चालू होता. इथे सगळे आधी किती वॉटचा ते विचारतात. हातातले संच 5 किंवा 6 वॉटचे असतात आणि हा फरक कयाकवर जवळजवळ बिनमहत्त्वाचा आहे. व्हीएचएफच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे अंतर ठरतं ते अँटेनाच्या उंचीवर. ढोबळ हिशोब असा: उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 2.2 ने गुणा, म्हणजे रेडिओचं क्षितिज सागरी मैलांत मिळतं. कयाकमध्ये बसल्यावर छातीवरच्या रेडिओचा अँटेना पाण्यापासून जेमतेम 80 सेंटिमीटरवर असतो. म्हणजे माझं क्षितिज 2 मैल. समोर दुसरा कयाक असेल तर त्याचे 2 मिळवून कागदावर 4, आणि लाटा उसळत्या असतील तर त्याहून पुष्कळ कमी. पण कोस्टगार्डचा अँटेना टेकडीवर, समजा समुद्रसपाटीपासून 200 मीटरवर असेल, तर त्याचं क्षितिज 31 मैल आणि माझे 2, एकूण 33. संच तोच, वॉट तेच. हा हिशोब कळल्यावर मी वॉटचा रकाना बघणं सोडून दिलं.

जलरोधकतेचा आकडा मात्र बघावा. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपीएक्स8 म्हणजे त्याहून जास्त, किती ते कंपनी सांगते. कयाकवर रेडिओ दिवसभर ओला असतो, त्यामुळे आयपीएक्स7 च्या खाली जाऊच नये. हॅमवाल्यांचे, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे, स्वस्त चिनी संच सागरी चॅनलवर लावून वापरता येतात असं बरेच जण सांगतील. ते सागरी वापरासाठी मान्यताप्राप्त नाहीत आणि पाण्यातही टिकत नाहीत. अमेरिकेतून मागवलेला संचही नको, तिथले काही चॅनल वेगळे आहेत.

यादी करून करून तीन नावं उरली. आयकॉमचा आयसी-एम25: सडपातळ, हलका, तरंगणारा, यूएसबीवर चार्ज होणारा, पण त्यात डीएससी, म्हणजे संकटाचं बटण, नाही. स्टँडर्ड होरायझनचा एचएक्स890ई: 6 वॉट, तरंगणारा, जीपीएस आणि डीएससी असलेला, अंगाने जाड. आणि आयकॉमचा आयसी-एम94डी: डीएससीबरोबर एआयएस रिसीव्हरही असलेला, तिघांत महाग. एआयएसमुळे मोठी जहाजं आपल्याला पडद्यावर दिसतात, आपण त्यांना दिसत नाही. डीएससी म्हणजे काय ते थोडक्यात: लाल झाकण उघडायचं, खालचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, की संच चॅनल 70 वरून आपला ओळख क्रमांक आणि जीपीएसची जागा आपोआप पाठवतो. कोस्टगार्डची पोच येईपर्यंत दर चारेक मिनिटांनी पाठवत राहतो. मग चॅनल 16 वर तोंडी मेडे द्यायचा.

निर्णय दुकानात झाला नाही, पोहण्याच्या तलावात झाला. हिवाळ्यात आमच्या क्लबचा सराव तलावात चालतो आणि तिथे हे तिन्ही संच कुणाकुणाकडे होते. मी विनंती केली, तिघांनीही दिले. संच बंद करून, निओप्रीनचे हातमोजे घालून, मी कयाक उलटा केला आणि बाहेर आले. डाव्या हातात कयाक आणि वल्हं दोन्ही धरलेलं, कारण यांतलं एकही सोडायचं नसतं. उजवा हात तेवढा मोकळा. त्या एका हाताने बॉयन्सी एडच्या, म्हणजे अंगातल्या तरंगत्या जाकिटाच्या, खिशाची चेन उघडायची, रेडिओ बाहेर काढायचा, तोंडाशी आणायचा. एम25 अलगद निघाला, मुठीत बसला, डोळे मिटून बोलण्याचं बटण सापडलं. एम94डी खिशाच्या तोंडाशी अडकला. मागच्या डेकवर पोटावर सरकत चढताना तर तो बरगडीत रुतला आणि पुढे सरकवेना. माझी चण लहान आहे, खिसाही लहान आहे. उंचापुऱ्या माणसाला तो त्रास होणार नाही. एचएक्स890 या दोघांच्या मधला. खिशात जेमतेम मावला, अँटेना हनुवटीला टोचायचा, तो खांद्याकडे वळवून घेतल्यावर जमलं.

हातात बसायला एम25 सर्वांत चांगला होता, हे स्पष्ट लिहिते. तरी मी एचएक्स890ई घेतला. त्याच तलावात प्रशिक्षकाने मला एक काम दिलं: उलट्या कयाकला धरून राहायचं, दुसरा मुद्दाम लाटा उडवत राहील, आणि पूर्ण मेडे मोठ्याने म्हणून दाखवायचा. तोंडात पाणी जात होतं. नाव तीनदा म्हणेपर्यंत दोनदा ठसका लागला. तलावाचं पाणी कोमट, समुद्र वसंतातही दहा-अकरा अंशांचा. थंड पाण्यात पडल्यावर पहिली काही मिनिटं श्वासच ताब्यात नसतो. अशा वेळी बोलावं न लागता जागा कळवणारं बटण असणं, यावर मी संचाची जाडी सोसायला तयार झाले. हातमोज्याच्या अंगठ्याने ते लाल झाकण मी पुन्हा पुन्हा उघडून बघितलं. नखाने उचलायला गेलं की निसटतं, अंगठ्याचं पेर टेकवून उचललं की येतं. हे घरी टीव्ही बघता बघता करत राहण्यासारखं आहे.

मार्चच्या मध्यावर बोटींच्या सामानाच्या दुकानातून संच घेतला, दोनशे वीस पौंडांच्या आसपास. तिथेच संच अंगाला बांधायची दोरी घेतली. तरंगणारा रेडिओ आहे म्हणून दोरी नको असं नाही. वाऱ्यात तो आपल्यापेक्षा वेगाने वाहून जातो. आणि दोरी कयाकला बांधायची नाही, स्वतःला बांधायची. कयाक हातातून सुटला तर रेडिओ त्याच्याबरोबर जाता कामा नये.

मग ऑफकॉमचा परवाना. त्यांच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं. बोटीचा रेडिओ परवाना वेगळा आणि पोर्टेबल वेगळा, कयाकवाल्यांना दुसरा लागतो, कारण संच आज या कयाकवर तर उद्या त्या कयाकवर असतो. डीएससी आहे का या प्रश्नाला हो म्हणायचं, तरच एमएमएसआय, म्हणजे नऊ आकडी ओळख क्रमांक मिळतो. पोर्टेबलचा क्रमांक 2359 ने सुरू होतो. ऑनलाइन अर्जाला पैसे पडले नाहीत. अर्ध्या तासात सगळं झालं आणि परवाना पीडीएफने आला. तो आयुष्यभर चालतो, पण निदान दर दहा वर्षांनी तपशील तेच आहेत असं कळवावं लागतं, नाहीतर रद्द होऊ शकतो. मी कॅलेंडरमध्ये 2033 ची आठवण लावून ठेवली आहे.

क्रमांक संचात भरताना मात्र घाई नको. तो एकदा टाकला की आपल्याला बदलता येत नाही, दुकानदाराकडे किंवा कंपनीकडे पाठवावा लागतो. मी आकडे मोठ्याने वाचले आणि नवऱ्याने दाबले. याच कारणासाठी डीएससीचा जुना संच विकत घेणार असाल तर आधीच्या मालकाचा क्रमांक काढून मिळेल का ते आधी विचारा. नाहीतर तुम्ही बटण दाबाल आणि कोस्टगार्ड त्याच्या घरी फोन करेल.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा समुद्रावर नेला. स्वॉनेजच्या किनाऱ्यावर कयाक पाण्यात ढकलण्याआधीच संच सुरू केला, कारण जीपीएसला जागा पकडायला वेळ लागतो. तिथल्या पेव्हरिल पॉइंटवर नॅशनल कोस्टवॉचची चौकी आहे, स्वयंसेवक दुर्बीण घेऊन बसलेले असतात. रेडिओ नीट चालतोय का हे विचारायला त्यांचा चॅनल 65 आहे; त्यासाठी कोस्टगार्डला चॅनल 16 वर त्रास द्यावा लागत नाही. मी श्वास घेतला, अँटेना उभा धरला, आणि लिहिणाऱ्या माणसाच्या वेगाने बोलले. पलीकडून वयस्कर बाईचा आवाज आला, ऐकू येतंय, अगदी स्वच्छ. मग तिने आपणहून वारा किती आणि कुठल्या दिशेचा ते सांगितलं आणि कुठवर जाणार आहात, किती जण आहात, असं विचारलं. मी उत्तरं दिली. त्या दोन मिनिटांच्या बोलण्याने बोलण्याची भीती गेली ती गेलीच.

डर्ल्स्टनच्या पुढे कडे सरळ पाण्यात उतरतात. तिथे खडकाला धरून जात असताना संच एकदम गप्प झाला. बिघाड नव्हता, कडाच मध्ये होता. पाचेकशे मीटर बाहेर गेल्यावर पुन्हा आवाज यायला लागले. कोकणात जयगडसारख्या ठिकाणी कडा उभा आहे तिथेही हेच होईल. तेव्हापासून गटातला एक रेडिओवाला आम्ही नेहमी बाहेरच्या बाजूला ठेवतो. आपापसात बोलायला 72 किंवा 77, तेही 1 वॉटवर, म्हणजे चॅनल अडत नाही आणि बॅटरीही टिकते. पूल बंदरात शिरताना 14 ऐकायचा, तिथे हार्बर कंट्रोल मोठ्या जहाजांशी बोलत असतो. आणि दर तीन तासांनी कोस्टगार्ड हवामान वाचतं. 16 वर आधी सूचना देतात आणि कुठल्या चॅनलवर जायचं ते सांगतात. आमचा पट्टा “सेल्सी बिल ते लाइम रेजिस”. दुपारी वारा वाढणार आहे हे त्यावर कळल्यामुळे आम्ही एकदा अर्ध्यातून परत फिरलो.

घरी आल्यावर संच गोड्या पाण्याच्या नळाखाली धरायचा, फडक्याने पुसायचा, चार्जिंगच्या पितळी टोकांवरचं मीठ काढायचं, सुकल्यावरच चार्जिंगला लावायचा. कोर्स, परीक्षा, संच, दोरी मिळून सगळा खर्च चारशे पौंडांच्या आत राहिला. पुढच्या हंगामाआधी पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचं संकटसूचक यंत्र, घ्यायचा विचार आहे. तो उपग्रहामार्फत 406 मेगाहर्ट्‌झवर संदेश पाठवतो, त्यामुळे कड्याआडूनही चालतो, फक्त त्याच्यावर बोलता येत नाही. इथे त्याची नोंदणी मोफत होते आणि करावीच लागते.

नोव्हेंबरात रत्नागिरीला गेले तेव्हा रेडिओ बरोबर नेला नाही, आणि भारतात कयाक वल्हवायला जाणाऱ्यांनी इथला संच सामानात टाकू नये. पोर्टेबल परवाना ब्रिटनच्या सागरी हद्दीपुरताच असतो, आणि भारतात असा संच आणायला आणि बाळगायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची परवानगी लागते. त्याऐवजी ज्यांच्याकडून कयाक घ्याल त्यांच्याकडे किंवा बरोबरच्या बोटीवर वायरलेस आहे का ते विचारा, आणि निघण्याआधी मोबाइलमध्ये दोन क्रमांक साठवून ठेवा: भारतीय तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093.